बाईंची उलट बैठक

एक वाक्य मी अनेक वर्षे लपवून ठेवले. ते मी कोणाच्या कानात कुजबुजलो नव्हतो. भर दुपारी, व्हरांड्यात, माणसांसमोर, स्पष्ट आवाजात बोललो होतो. तरीही ते लपलेले राहिले, कारण ऐकणाऱ्यांपैकी तिघांना ते खोटे असल्याचे ठाऊक नव्हते आणि ज्या एकाला ठाऊक होते त्याला बोलता येत नव्हते. त्या वाक्यामुळे एका घरात नको ते एसी यंत्र बसले. एवढेच असते तर मी ते केव्हाच विसरलो असतो. माझ्या धंद्यात नको ती यंत्रे नको त्या भिंतींवर रोज बसतात. पण ते घर बाईंचे होते, आणि बाईंच्या घरात खोटे बोलणाऱ्याची एक वेगळीच सोय होती : तिथे मुळात प्रत्येकाला स्वतःच्या मताविरुद्ध बोलावे लागे.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. देवरीच्या पुढे, चिचगडच्या बाजूच्या जंगलातल्या शाळांमध्ये त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर गोंदियाहून मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुमजली घर बांधले. वर त्या आणि त्यांचे यजमान. यजमान रेल्वेत गार्ड होते, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणत. खाली मागच्या बाजूला एका राइस मिलचे मुनीमजी भाड्याने राहत. रस्त्याकडचा गाळा मी १९९९ मध्ये घेतला, फ्रिज आणि कूलर दुरुस्तीसाठी. पुढे मी एसीही विकू लागलो.

डावे आणि उजवे हे दोन शब्द बाईंनी वापरातून काढून टाकले होते. "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं," त्या म्हणत. "आपण पाठ वळवली की तेही वळतं. त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा? पूर्व कुठं पळून जात नाही." त्यामुळे जेवताना मिठाची वाटी पानाच्या वायव्येला असे. रिक्षावाला "मैडम, लेफ्ट की राइट?" असे विचारी तेव्हा त्या शांतपणे "आग्नेय" असे उत्तर देत. बिचारा रिक्षा थांबवून आधी सूर्याकडे आणि मग बाईंकडे बघे. नव्या रिक्षावाल्याला जुने रिक्षावाले आधीच सांगून ठेवत, "वो मैडम बैठे तो सूरज देख के चलाना."

दुसरी ओळख म्हणजे त्यांची छत्री. काळी, लांब दांड्याची, आणि तिच्या कापडात रुपयाएवढे एक भोक. ते भोक त्यांनी स्वतः उदबत्तीने पाडले होते. आभाळात खूप उंचावर ओझोन नावाचे एक आवरण असते, ते सूर्याचे जाचक किरण अडवते, आणि माणसाने बनवलेले काही वायू वर जाऊन ते आवरण विरवतात, हे चिचगडच्या मुलांना समजावण्यासाठी. मुलांना उन्हात छत्रीखाली उभे करायचे आणि म्हणायचे, आता अंगावर ऊन कुठे पडते ते दाखवा. मूल आपल्या खांद्यावरच्या उजेडाच्या ठिपक्यावर बोट ठेवी, आणि धडा संपे. निवृत्तीनंतरही त्यांनी छत्री बदलली नाही, शिवलीही नाही. मुनीमजींनी एकदा छत्री दुरुस्त करून आणण्याची तयारी दाखवली तेव्हा बाई म्हणाल्या, "हे शैक्षणिक साहित्य आहे. याला हात लावू नका." मे महिन्याच्या उन्हात त्या बाजारात निघत तेव्हा तो ठिपका त्यांच्या पदरावरून सोबत चालत असे.

गाळा देताना त्यांनी माझी परीक्षा घेतली. भाड्याचा विषय दोन वाक्यांत उरकला. मग त्यांनी विचारले, "फ्रिजमध्ये नवा गॅस भरताना आतल्या जुन्या गॅसचं काय करता?"

"सोडून देतो, बाई."

"कुठे?"

"हवेत."

"हवेत म्हणजे कोणाकडे?"

मी वर बघितले. त्यांनी अट घातली : माझ्या आवारात गॅस सोडायचा नाही. मी ती मान्य केली आणि प्रामाणिकपणे पाळलीही. म्हणजे असे, की गॅस सोडायचा फ्रिज मी हातगाडीवर घालून रस्त्यापलीकडे नेई आणि तिथे नळी उघडून देई. असे काही महिने चालले. एके दिवशी नळीतून फुस्स आवाज निघत असतानाच वरच्या गॅलरीतून हाक आली.

"दुकानदार! वारा कोणत्या दिशेचा आहे?"

"लक्ष नाही दिलं, बाई."

"नैर्ऋत्येचा आहे. म्हणजे तुम्ही सोडलेला गॅस रस्ता ओलांडून माझ्याच आवारात आला. करार मोडला तुम्ही."

मी हसलो. तेव्हा बाईंची प्रमाण मराठी गळून पडली आणि त्यांच्या मूळ गावची बोली बाहेर आली. ती फक्त खऱ्या रागात येत असे. "हासून काऊन रायले? आभाळ का तुमच्या बापाचं हाये?"

त्यानंतर मी जुना गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला शिकलो. पण या प्रसंगातून मी जे शिकायला हवे होते ते शिकलो नाही. अट अक्षराने पाळायची आणि अर्थाने मोडायची, ही माझी वृत्ती त्या हातगाडीवर उघडी पडली होती. बाईंनी ती पाहिली, रागावल्या आणि विसरल्या. मी ती जपून ठेवली.

आता उलट बैठकीविषयी. बाईंच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या घरात आजी जुन्या देवांना धरून बसलेली होती आणि मायलेकांचे रोज खटके उडत. वाद विकोपाला जाऊ नये म्हणून वडिलांनी नियम केला : वाद घालायचा तर समोरच्याची बाजू घेऊन घालायचा. "मी आजीच्या तोंडून धम्माची बाजू ऐकली आणि वडिलांच्या तोंडून आजीच्या देवांची," बाई सांगत. "त्यानंतर मला दोघांपैकी कोणीच मूर्ख वाटलं नाही." शेवटी आजीही विहारात जाऊ लागली, पण बैठक मोडली नाही. बाईंनी ती सासरी आणली. रविवारी जेवणानंतर वरच्या व्हरांड्यात सगळे जमत : बाई, साहेब, मुनीमजी, मी, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या सिंधूबाई. बाई अध्यक्ष. आधी प्रत्येकाने आपले खरे मत सांगायचे, मग त्याच्या विरुद्ध बाजूने जीव तोडून बोलायचे. वाटेल ती वकिली करा, पण घडलेली किंवा असलेली गोष्ट खोटी सांगायची नाही. ज्या बाजूचे बोलणे पटेल ती बाजू घराने स्वीकारायची.

साहेबांचे मत झेंडीने व्हायचे. नोकरीतल्या हिरव्या आणि लाल झेंड्या त्यांनी आरामखुर्चीच्या हातांना अडकवून ठेवल्या होत्या. चर्चा संपली की ते एक उचलत. मुळात ते अबोल. बाई म्हणत, "साहेब आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसले. बोलणार कोणाशी?"

या बैठकीत काय होऊ शकते याचा पहिला धडा मुनीमजींना मिळाला. मुनीमजी शुद्ध शाकाहारी. मागच्या आवारात सिंधूबाई रविवारी मासळी तळत, त्याला त्यांची हरकत होती. बैठक बसली. सिंधूबाईंना स्वतःच्याच मासळीविरुद्ध बोलावे लागले. त्या म्हणाल्या, "मासोई तरली का सारं घर वास मारते. मांजरी जमतात. काटा अडकला तं दवाखाना." आणि लगेच, "पन मी तं खाईनच."

"सिंधू, दुसरं वाक्य बाद," बाई म्हणाल्या.

मग मुनीमजी सरसावून बसले. त्यांनी आयुष्यात मासळीला हात लावला नव्हता, पण नियम म्हणजे नियम. "मैडमजी, गोंदिया जिला मतलब तालाबों का जिला. यहाँ रह के मछली को मना करना मतलब तालाब की बेइज्जती करना. और सोचिए, जो बाई दिनभर दूसरों के लिए भाजी बनाती है, वो इतवार को अपने मन का खाए तो किसका क्या जाता है?" बोलता बोलता त्यांनी स्वतःचेच डोळे पुसले. साहेबांची हिरवी झेंडी वर गेली. मासळीचा विजय झाला. मुनीमजी सुन्न होऊन म्हणाले, "खुद का केस खुद ने हार दिया मैंने." पुढे दर रविवारी ते दार लावून आत बसत. पण मासळीचा वास आला की त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही दिसे, आपण लिहिलेले कोणीतरी मोठ्याने वाचत असल्यासारखा.

आम्ही सगळे तेव्हा खूप हसलो होतो. मी मात्र हसता हसता एक गोष्ट टिपून ठेवली : या घरात ज्याला जे नको असते, ते त्याच्याच तोंडून मंजूर होऊ शकते.

पुढे साहेबांना पक्षाघात झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "कौन सी साइड गई?" साहेब खाटेवर पूर्वेला डोके करून निजले होते. बाई म्हणाल्या, "उत्तरेची." डॉक्टरांना कळेना. त्यांनी पुन्हा विचारले. बाईंनी साहेबांच्या हाताकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. अगदी हळू, "उजवी."

साहेबांची वाचाही गेली, आणि लिहायचा हातही गेला. समज पूर्ण शाबूत होती. वरच्या पश्चिमेकडच्या खोलीत त्यांची खाट लागली आणि दोन्ही झेंड्या डाव्या हाताशी आल्या. त्या खोलीची खिडकी माझ्या दुकानाच्या मागच्या अंगणावर उघडत असे. मी अंगणात काम करताना वर बघून बोलत राही आणि साहेब हिरवी झेंडी हलवून दाद देत. त्यांना सोबत होई, मलाही.

विदर्भातला उन्हाळा आणि पश्चिमेची स्लॅबची खोली. पहिल्या वर्षी कूलर लावला, तर त्याच्या ओलाव्याने साहेबांची छाती भरून आली. डॉक्टरांनी सांगितले, एसी लावा, दुसरा इलाज नाही. जन्मभर भोकाची छत्री घेऊन हिंडलेल्या बाईंसमोर प्रश्न पडला. एसी घ्यायचा हे ठरलेच. पण कोणत्या गॅसचा?

त्या सुमारास बाजारात दोन तऱ्हा होत्या. जुन्या गॅसला आम्ही मेकॅनिक लोक बावीस नंबर म्हणतो. स्वस्त, सगळीकडे मिळणारा, पण ओझोनला अपाय करणारा. तो टप्प्याटप्प्याने कमी करत बंद करायचा, असे सरकारने ठरवलेले होते. नवा गॅस ओझोनला धक्का लावत नसे. पण त्याचे यंत्र महाग, त्याचा दाब जास्त, त्याला दाब मोजायचे वेगळे गेज लागत आणि तो हाताळण्याचे वेगळे शिक्षण लागे. मुख्य म्हणजे एकाच्या यंत्रात दुसऱ्याचा गॅस चालत नाही. घेताना जो गॅस निवडला त्याच्याशी यंत्राची जन्माची गाठ. म्हणून हा नुसत्या खरेदीचा प्रश्न नव्हता. पुढची अनेक वर्षे कोणत्या गॅसवर विसंबायचे, याचा होता.

माझी बाजू अशी. कंपनीने नागपूरला नव्या गॅसचे प्रशिक्षण ठेवले होते, तिथे मी जाऊन आलो होतो. नवे गेज घेतले होते. एका गिऱ्हाइकाचे नवे यंत्र मागच्या अंगणात उघडून नीट दुरुस्तही केले होते, आणि त्या आनंदात खिडकीकडे बघून ओरडलो होतो, "साहेब, हा नवा गॅस! आता नागपूरच्या माणसाची वाट बघायची गरज नाही. गोंदियात आपण आहोत!" साहेबांनी हिरवी झेंडी हलवली होती.

आणि माझ्या गोदामात जुन्या गॅसचे शेवटचे यंत्र खोक्यात पडून होते. कंपनी ते परत घ्यायला तयार नव्हती.

बैठक बसली. साहेबांच्या खोलीचे दार व्हरांड्यात उघडत असे. ते उघडे ठेवले होते. बाईंनी मते विचारली. सिंधूबाई म्हणाल्या, "सस्तं हाये ते घ्या." मुनीमजी म्हणाले, "पुराना ही ठीक. नया गैस सुना है फटता है." मी म्हणालो, "माझं मत नव्या गॅसच्या बाजूनं आहे." ते खरे होते. बाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही जुन्याच्या बाजूनं बोलणार," त्या म्हणाल्या. "बोला. सोडू नका."

सिंधूबाईंनी नव्याची बाजू घेतली. "नवी सून आन् नवी मशीन, दोन साल तं गुमान राह्यते. घेऊन टाका." मुनीमजी नेहमीप्रमाणे स्वतःविरुद्ध उत्तम बोलले. "जिस चीज का रास्ता सरकार बंद कर रही है, उस रास्ते पे घर की गाड़ी क्यों डालना? आज सस्ता है, कल मिलेगा ही नहीं."

मग मी बोललो. जुना गॅस आज गल्लीबोळात मिळतो, हे खरे होते. जुन्या यंत्राचे सुटे भाग स्वस्त आहेत, हेही खरे. इथपर्यंत मी नियमात होतो. बाई विचारात पडल्या. त्यांनी साहेबांच्या दाराकडे पाहिले आणि मला विचारले,

"एकच सांगा. भर मे महिन्यात यंत्र बंद पडलं, तर जुनं कोण दुरुस्त करील आणि नवं कोण करील?"

"जुनं मी तासाभरात करीन," मी म्हणालो. "नवं उघडू शकणारा माणूस आज गोंदियात एकही नाही. नागपूरहून येईपर्यंत साहेबांनी त्या खोलीत राहायचं."

हेच ते वाक्य.

खोलीतून खाटेची करकर ऐकू आली. साहेबांनी लाल झेंडी वर धरली होती. नुसती धरली नव्हती, ते ती हलवत होते, जितक्या जोराने एक हात हलवू शकतो तितक्या जोराने. बाई उठून दारात गेल्या. "खर्च नको म्हणताय ना? कळलं. पण हे तुमच्यासाठीच आहे. आज तुमची झेंडी मी मोजणार नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जुनं लावा. नव्याच्या बाजूचा माणूस हे सांगतो आहे, म्हणजे ते खरंच असणार."

खिडकीतून ओरडून सांगितलेले मला त्या क्षणी आठवले नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळ काळ समजावले. आठवले होते. साहेबांना ठाऊक आहे आणि साहेबांना बोलता येत नाही, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी आठवल्या, आणि मी वाक्य पुरे केले.

खोक्यातले यंत्र वर गेले आणि साहेबांची खोली थंड झाली. मी एका गोष्टीत मात्र फसलो. गोंदियात असा माणूस नाही असे मी बाईंना सांगितले होते, आणि बाई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यामुळे मला तो माणूस होता येईना. नवे गेज कापडात बांधून कपाटाच्या तळाशी गेले. नव्या गॅसचे काम घेऊन कोणी आला, की बाई गॅलरीत नाहीत ना हे बघून मी त्याला दुसरीकडे पाठवी. शिकलेले काम मी हाताने विसरू लागलो. शहरात दुसरे लोक ते काम करू लागले, तेव्हा कुठे मी "मीही आता शिकलो" असे जाहीर करून मोकळा झालो. बाईंनी त्या दिवशी पेढे वाटले. मी एक खाल्लाही.

त्यानंतर अंगणात काम करताना मी वर बघून बोलत नसे. साहेबांनी खिडकीशी झेंडी हलवणे एकदम बंद केले नाही. काही दिवस ते हिरवी हलवून बघत, मी बघतो का ते. मग तेही थांबले.

काही वर्षे यंत्र नीट चालले. मग कॉइलला बारीक छिद्र पडले आणि गॅस निघून गेला. मी छिद्र बुजवून गॅस भरला. पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे गळती. बावीस नंबर आता सहज मिळेना. मिळे तो महाग, आणि त्यात भेसळीची भीती. मुनीमजींनी मांडलेले सगळे खरे ठरत होते. मी प्रत्येक वेळी भरायला वर जाई, तेव्हा बाई दारात उभ्या राहून तोच प्रश्न विचारत, पण पूर्वीच्या जरबेने नाही.

"आतला गॅस कुठे गेला?"

"निघून गेला, बाई."

"वर," त्या म्हणत, आणि खिळ्याला टांगलेल्या छत्रीकडे बघत. पुढे त्यांनी छत्री बाजारात नेणे सोडले. डोक्यावर नुसता पदर घेऊन त्या निघत. सिंधूबाईंनी विचारले, "काऊन बाई, छत्री कायले नाई घेत?" तेव्हा म्हणाल्या, "शिकवायला तोंड पाहिजे ना, सिंधू."

मग एका एप्रिलमध्ये यंत्र पुन्हा उबदार वारा टाकू लागले. बाईंनी बैठक बोलावली, आणि पहिल्यांदाच ती साहेबांच्या खोलीत बसवली. खिडकीला ओले पडदे लावले होते, तरी भिंती तापल्या होत्या. मुनीमजी आता वाकले होते. माझे केस पांढरे झाले होते. बाईंनी नेहमीप्रमाणे आधी मते विचारली नाहीत. त्या स्वतःच बोलल्या.

"आज विषय यंत्राचा आहे, पण त्याआधी दुसरा आहे. ही बैठक मी आजपासून बंद करते. माझ्या वडिलांची आहे, पण मला ती चालवता आली नाही. त्या दिवशी साहेबांनी लाल झेंडी दाखवली होती. गार्डाची बायको असून मी ती ओलांडली. भीतीनं ओलांडली. त्याचं फळ दर वर्षी या भिंतीतून वर जातं आहे. ज्या बाईला लाल झेंडी वाचता येत नाही, तिनं निर्णय करू नयेत. यंत्राचं काय ते तुम्ही ठरवा. मी मत देणार नाही."

"मैडमजी, ऐसा मत बोलिए," मुनीमजी म्हणाले.

सिंधूबाई चिडल्या. "तुमी मत नाई देत, आन् साहेब इकडे उकडून रायले! सालोसाल तुमीच ठरवलं, आता काऊन हात वर करता?"

 बाईंचे हात मांडीवर पडून होते. दिशा सोडून दुसऱ्या कशावर भरवसा न ठेवणारी ही बाई कुठे बघावे हे न कळल्यासारखी बसली होती. मी ते पाहिले. यंत्र तर उद्या बदलता आले असते. त्या घडीला ओझोनला अपाय न करणारी, पूर्वीच्या नव्या गॅसच्या यंत्रांपेक्षाही बरी यंत्रे माझ्याच दुकानात होती, आणि त्यातले एक साहेबांच्या खोलीत लावायचे हे मी मनाशी ठरवूनच आलो होतो. पण ते लावून मी मुकाट्याने खाली उतरलो असतो, तर बाईंनी माझे खोटे स्वतःचा गुन्हा म्हणून शेवटपर्यंत बाळगले असते. ही तीच हातगाडी होती : गॅस रस्त्यापलीकडे नेऊन सोडायचा, आणि तो वाऱ्याने दुसऱ्याच्या दारी जाऊ द्यायचा.

मी उठून उभा राहिलो. आमच्या बैठकीत उभे राहून बोलण्याची पद्धत नव्हती.

"आधी मत सांगा," बाई सवयीने म्हणाल्या, "मग उलट बाजू."

"आज माझ्याकडे उलट बाजू नाही, बाई."

मी साहेबांकडे पाहिले. कितीतरी वर्षांनी सरळ पाहिले. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत झेंड्यांपाशी गेला, थोडा चाचपडला, आणि त्यांनी हिरवी झेंडी उचलून धरली. मी बोलायला लागेपर्यंत त्यांनी ती खाली घेतली नाही.

"बाई, तुम्ही लाल झेंडी ओलांडली नाही. तिचा अर्थ मी तुम्हाला कळू दिला नाही. नवं यंत्र उघडू शकणारा माणूस त्या दिवशी गोंदियात होता. तो मीच होतो. साहेबांना मी ते खिडकीतून ओरडून सांगितलं होतं, म्हणून ते झेंडी हलवत होते. माझ्या गोदामातलं जुनं खोकं निघावं म्हणून मी खोटं बोललो, आणि साहेबांना बोलता येत नाही हे धरून बोललो. साहेब, तुमच्या गप्प राहण्याचा मी फायदा घेतला. बाई, माझी चूक तुम्ही इतकी वर्षं वाहिलीत आणि मी वाहू दिली. माझं चुकलं. मला माफ करा."